क्ष शून्य नसेल तर

बायकोने उत्तरपत्रिकेवर लाल पेन्सिलीने गोल काढला आणि मान वर न करता म्हणाली, "हा एकविसावा." शुक्रवारची संध्याकाळ होती. तो ऑफिसातून येऊन हातपाय धुऊन बसला होता, कपातला चहा निम्मा झाला होता आणि खरं सांगायचं तर त्याला काहीही ऐकायचं नव्हतं. पण पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं कळायला लागतं, की बायको नुसता आकडा सांगते तेव्हा पुढचं आपण विचारायचं असतं. "कसला एकविसावा?" त्याने विचारलं. ती शाळेत नववीला बीजगणित शिकवायची. "बघा ना," ती म्हणाली, "क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष. क्षच्या किमती काढा. इतकं सोपं! तर सगळ्या शहाण्यांनी दोन्ही बाजूंना क्षने भागलंय. उत्तर काय, क्ष बरोबर पाच. आणि शून्य? ते घालवून बसले. अहो, क्षने भागायचं तर आधी लिहायला नको, क्ष शून्य नसेल तर? वर्षभर घसा फोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. क्ष शून्यही असू शकतो, हे एकाच्या डोक्यात येईल तर शपथ." तो हसला. हसण्यासारखंच होतं. मग त्याने कप तोंडाला लावला, आणि जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं त्याला झालं. चहा गिळला गेला. कप बशीत ठेवताना जरा जास्तच वाजला, तेव्हा बायकोने वर पाहिलं आणि परत खाली मान घातली. बाविसावा पेपर तिच्या हाताखाली होता.

त्यांचं घर तळमजल्यावर होतं आणि जेवणाच्या टेबलापाशी बसलं की खिडकीतून इमारतीचं मागचं अंगण दिसायचं. अंगणात मधोमध लोखंडी झाकण होतं, दोन फूट बाय दोन फूट, कडेला गंजलेलं, मधे पाय पडून पडून गुळगुळीत झालेलं. त्या झाकणाखाली इमारतीची पाण्याची टाकी. मुलं त्या झाकणावर उड्या मारायची कारण ते छान घुमायचं, आणि तो मारू द्यायचा, कारण ती टाकी त्याची होती. म्हणजे घर जसं त्याचं होतं तशी नव्हे. तिची जाडी, खोली, सळया सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, पाणी भरायच्या आधी, बाहेर जमिनीतलं पाणी उपसणारा पंप अजून चालू असताना, तो शिडीवरून आत उतरला होता. ओल्या सिमेंटचा वास, चारी बाजूंनी गुळगुळीत भिंती, डोक्यावर उजेडाचा एक चौकोन. तो नुसता खाकरला तरी टाकी त्याला उत्तर द्यायची. त्याला तिथे इतकं बरं वाटलं होतं की वरून मुकादमाने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तो शिडी चढला. आता त्या खिडकीतून झाकणाकडे बघताना त्याला वाटलं, आपण तेव्हा वर आलोच नाही बहुतेक. वर आला तो दुसराच कोणीतरी, ज्याने पुढे या इमारतीत घर घेतलं, ज्याचे केस पिकले, ज्याला ऑफिसात सगळे नाना म्हणायला लागले. हे आपलं काहीतरीच, असं मनाशी म्हणून त्याने नजर वळवली, तर ती जाऊन पडली ती जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीवर. नोटीस त्याला पाठ होती. सकाळी जातानाच वाचली होती आणि 'बरं झालं, एकदाचं करतायत' असं म्हणालाही होता. 'मधल्या भिंतीच्या गळतीचे काम करणे असल्याने रविवारी टाकीचे दोन्ही खण पूर्णपणे रिकामे करण्यात येतील. सभासदांनी पाणी भरून ठेवावे.'

दोन्ही खण. पूर्णपणे. एरवी दरवर्षी एक खण उपसायचे, धुवायचे, भरायचे, मग दुसरा. म्हणजे टाकीच्या पोटात निम्मं पाणी नेहमी असायचंच. एकोणीस वर्षांत ती टाकी एकदाही संपूर्ण रिकामी झाली नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. लक्षात आलं म्हणजे कोणीतरी पाठीत थंड हात ठेवावा तसं आलं.

तेव्हा तो पस्तिशीत होता आणि कंपनीत इमारतीखालच्या टाक्यांची गणितं त्याच्याकडे असायची. काम किचकट. जमिनीत पाणी असतं, ते टाकीला खालून वर ढकलतं. टाकीचं वजन आणि टाकीतलं पाणी तिला खाली दाबून धरतात. धुण्याच्या बादलीत रिकामं पातेलं तळाशी दाबून धरलं आणि हात सोडला की ते टुणकन वर येतं, हे घरातल्या कोणालाही माहीत असतं. इंजिनियरला तेच कागदावर मांडायला दीड दिवस लागायचा. दर इमारतीला दीड दिवस. मग एका दुपारी त्याला सुचलं. टाकीतल्या पाण्याची खोली क्ष धरायची. बाकी सगळं क्षच्या पटीत मांडायचं. भिंती क्षच्या इतक्या पट, तळाची जाडी क्षचा इतकावा भाग, बाहेरचं पाणी क्षच्या अमुक पट. समीकरण मांडलं तर काय, डाव्या बाजूच्या प्रत्येक पदात क्ष, उजव्या बाजूच्या प्रत्येक पदात क्ष. त्याला अजून आठवत होतं, पेन्सिलीने त्याने ते क्ष एकामागून एक तिरप्या रेघांनी कसे खोडत नेले ते. इतकं सुख त्याला क्वचित मिळालं होतं. दोन्ही बाजूंना आहे ना, मग खोडा. क्ष गेला आणि मागे राहिलं ते एका ओळीचं, स्वच्छ घासलेल्या भांड्यासारखं सूत्र. त्या सूत्रावरून त्याने एका पानाचा तक्ता केला. बाहेरचं पाणी किती पट ते बघा, बोट खाली न्या, तळाची जाडी वाचा. दीड दिवसाचं काम दहा मिनिटांवर आलं. जाडीही कमी निघायची, सिमेंट वाचायचं, मालक खूश. पुढे ऑफिसात त्या पानाला 'नानांचा तक्ता' म्हणायला लागले. त्या तक्त्यावरून एक्केचाळीस टाक्या झाल्या. पहिली ही, खिडकीतली.

क्ष शून्य म्हणजे रिकामी टाकी. क्ष शून्य असेल तर त्याचं सूत्र काहीही सांगत नव्हतं. ते बरोबर नव्हतं, चूकही नव्हतं, फक्त गप्प होतं. आणि त्या गप्पपणाला एकोणीस वर्षं सगळे 'ठीक आहे' समजत आले होते. आणि असंही नव्हतं की कोणी विचारलंच नव्हतं. मोठ्या साहेबांनी विचारलं होतं. साहेब म्हणजे जुन्या वळणाचे, चष्मा कपाळावर ठेवून कागद नाकाजवळ नेणारे. त्यांनी तक्ता खालीवर पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "झकास. पण टाकी रिकामी असेल तेव्हा?" सगळं ऑफिस ऐकत होतं. त्याच्या कौतुकाचा दिवस होता तो. आणि एका क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला होता, "साहेब, पाण्याची टाकी रिकामी ठेवायला कोण बांधतं?" काय हशा पिकला! साहेबही हसले, त्यांनी पाठीवर थाप मारली. "ते वेगळं तपासून ठेव मात्र," असं ते हसता हसता म्हणाले होते का? त्याला वाटत होतं, म्हणाले होते. वाटत होतं, नव्हते म्हणाले. साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. विचारणार कोणाला? त्याचा तो विनोद मात्र ऑफिसात मागे राहिला, एखाद्या म्हणीसारखा. कोणी फार खुसपटं काढायला लागलं की हमखास कोणीतरी म्हणायचं, पाण्याची टाकी रिकामी ठेवायला कोण बांधतं?

त्या संध्याकाळी जेवताना तो बायकोला सांगणार होता. म्हणजे तसं त्याने ठरवलं नव्हतं, पण घास चावताना शब्द जिभेपर्यंत यायचे आणि घासाबरोबर खाली जायचे. तिला दोन मिनिटांत कळलं असतं. त्या क्षणी या शहरात ते सगळ्यात लवकर कळणारी बाई त्याच्यासमोरच बसली होती, आणि तीच सांगायला सगळ्यात अवघड होती. तिच्या लाल पेन्सिलीची त्याला भीती वाटत होती, पन्नाशी उलटलेल्या माणसाला, आपल्याच बायकोच्या पेन्सिलीची. शिवाय त्यांच्या घरात बोलायची पद्धतही तशी नव्हती. त्यांना मूल झालं नाही. पहिली काही वर्षं डॉक्टर, तपासण्या, मग नुसती वाट बघणं, मग तेही नाही. कधी भांडण झालं नाही, कोणी कोणाला बोल लावला नाही. दुःख तिच्या बाजूला होतं तेवढंच त्याच्या बाजूला होतं, आणि दोन्ही बाजूंना आहे म्हटल्यावर त्याने ते खोडून टाकलं होतं. संसार किती सुटसुटीत झाला होता! नातेवाईक म्हणायचे, दोघांचं बघा कसं छान चाललंय. आता ताटातल्या भाताकडे बघत त्याला पहिल्यांदाच शंका आली, की ती जागा त्याने खोडली म्हणून तिच्याकडूनही खोडली गेली होती का. तिने विचारलं, "मीठ कमी पडलंय का?" तो म्हणाला, "नाही, छान आहे."

शनिवारी ऑफिस दुपारपर्यंत असायचं. नऊ वाजताच त्याने कपाटातून जुनी फाइल काढली. कागद पिवळे पडले होते, टाचण्यांचा गंज त्यांच्यावर उतरला होता. ते पान होतं. सगळे तिरपे फराटे जसेच्या तसे होते. त्याने पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही पाहिलं. कुठेतरी, समासात, इवल्याशा अक्षरात का होईना, आपण 'क्ष शून्य नसेल तर' असं लिहिलं असेल, निदान 'रिकामी टाकी वेगळी तपासणे' एवढं तरी. नव्हतं. तरुणपणी त्याचं अक्षर फार सुंदर होतं, एवढंच त्या पानावरून सिद्ध होत होतं. तो फाइल मिटतो न मिटतो तोच नवी इंजिनियर त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. कंपनीत लागून तिला आठ महिने झाले होते. हुशार होती, केसांत कायम पेन खोचलेलं असायचं आणि ते शोधत ती कायम टेबल उलटंपालटं करायची. सगळ्या शाखांसाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम होत होता आणि त्यात घालायच्या सूत्रांचे कागद तिच्याकडे होते. "नाना, तुमचा तक्ता," ती म्हणाली. "इथे 'तपासले' म्हणून सही हवीय. सोमवारी सगळीकडे जाणार." त्याने पेन उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "एक विचारू का? मी काल घरी करून बघत होते. यात रिकामी टाकी कुठे येते ते मला दिसलंच नाही. माझंच काहीतरी चुकत असेल." तो तिच्याकडे बघतच राहिला. कधीतरी असं होईल आणि तेव्हा आपण सुटू, असंच काहीसं रात्रभर त्याच्या मनात होतं. आता फक्त तोंड उघडायचं होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने खुर्ची गर्रकन फिरवली आणि म्हणाला, "अगं पोरी, पाण्याची टाकी रिकामी ठेवायला कोण बांधतं?" पलीकडून दोघं हसले. तिसऱ्याने टेबलावर थाप मारली. "नानांचा ओरिजिनल आहे हा!" ड्राफ्ट्समन अभिमानाने म्हणाला. मुलगीही ओशाळून हसली, "ओह, असं होय," आणि केसांतलं पेन चाचपायला लागली. तोही हसला. हसत असतानाच त्याने सही केली. चांगली वळणदार झाली. ज्या विनोदाने त्याने एकोणीस वर्षांपूर्वी साहेबांचं तोंड बंद केलं होतं, त्याने आज त्याचं स्वतःचं तोंड बंद केलं होतं, आणि तेही त्याला बोलायचे कष्ट न देता. ती कागद घेऊन गेली. तिच्या मागे जावं असं त्याला वाटलं, पण पाय उठले नाहीत; मग तिचं टेबल त्याच्यापासून फक्त अकरा पावलांवर आहे हे त्याने मोजलं, आणि बसून राहिला.

घरी येताना तो सरळ घरात गेला नाही. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीचा पाया खणला होता आणि काहीतरी वाद होऊन काम बंद पडलं होतं. काम चालू होतं तोवर तिथे दिवसरात्र पंप धडधडायचा, खड्ड्यातलं पाणी बाहेर काढायला. पंप थांबून तीन आठवडे झाले होते. त्याने पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं. खड्डा काठोकाठ नव्हे, पण जमिनीपासून हातभर खाली पाण्याने भरला होता. हिरवट, स्थिर पाणी. वर एक प्लॅस्टिकची चप्पल तरंगत होती. रोज सकाळी तो याच फटीवरून जायचा आणि रोज नाक मुरडून म्हणायचा की डास होणार. जमिनीतलं पाणी कुठवर चढलंय हे निसर्गाने त्याला डोळ्यांसमोर भांडं भरून दाखवलं होतं, आणि त्याला डास दिसले होते. त्याने खिशातून विजेच्या बिलाचा कागद काढला, पत्र्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या आकडे मांडले. तळ पंधरा सेंटीमीटर, तक्त्यातून काढलेला. भिंती, छप्पर, मधली भिंत. टाकीचं वजन एक्केचाळीस टन. खालून ढकलणारं पाणी चौसष्ट टन. उरलेले तेवीस टन टाकीतल्या पाण्याने भरून काढायचे. या वेळी त्याने क्ष खोडला नाही. त्याला शेवटपर्यंत बोटाला धरून नेला, आणि क्षने आपली किंमत सांगितली: एक मीटर. टाकीत मीटरभर पाणी असेल तोवर ती बसून राहील. एक खण भरलेला म्हणजे सरासरी मीटरच्या किंचित वर. दरवर्षी ते वीतभर अंतराने वाचत आले होते. त्याच्या खाली गेलं की पातेलं वर येणार. तळ फुटेल, किंवा अख्खी टाकी उचलली जाऊन नळ तुटतील, कडेची भिंत सरकेल. आणि आत हातात घमेली आणि ब्रश घेतलेली दोन माणसं असतील, ज्यांना बाहेर यायला दोन फूट बाय दोन फूट चौकोन. गणित अचूक होतं. इतकं अचूक गणित त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

मग तो सेक्रेटरीकडे गेला. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, उत्साही, नोटीस लिहायला कायम हात शिवशिवणारे गृहस्थ. त्याने त्यांना सांगितलं, की उद्या नको, पुढे ढकलू. का, म्हणून त्यांनी विचारलं. खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्या वाक्याच्या शेपटाला एक्केचाळीस टाक्या बांधलेल्या होत्या. ही टाकी धोक्याची आहे म्हटलं की बाकीच्याही आल्याच, आणि कालपासून माहीत असून सकाळी केलेली सहीही आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो म्हणाला, "बायकोची पेपर तपासणी चाललीय, पंपाच्या आवाजाचा त्रास होतो तिला." सेक्रेटरी खो खो हसले. "नाना, अहो प्लंबरने महिन्यापूर्वीच तारीख दिलीय! वहिनींना म्हणावं कानात कापूस घाला. आठला सुरू करू." तोही हसला. गेल्या चोवीस तासांत तो बराच हसला होता. जिना उतरताना त्याला वाटलं, आपल्या भोवती चारी बाजूंनी गुळगुळीत भिंती आहेत आणि वर एक चौकोन आहे, आणि शिडी आपण स्वतःच, सोयीची नाही म्हणून, बाहेर काढून ठेवली आहे.

रविवारी तो जागा झाला तो पंपाच्या आवाजानेच. घड्याळात पावणेसात. सेक्रेटरींच्या उत्साहाला आठपर्यंत धीर निघाला नव्हता. तो तसाच, पायजम्यात, अनवाणी अंगणात आला. झाकण उघडं होतं. प्लंबर आणि त्याची दोन माणसं कडेला बिडी ओढत बसली होती, शेजारी ब्रश, घमेली, दोरखंड. जाड पाइपातून पाणी भसाभसा गटारात पडत होतं. "किती राहिलंय?" त्याने विचारलं. प्लंबरने सावकाश सळई आत सोडली, वर काढली, ओल्या खुणेला बोट लावलं. "सव्वा मीटरला थोडं कमी. अजून अर्ध्या तासात कोरडी ठणठणीत करतो." तो जिन्याखालच्या पेटीपाशी गेला आणि त्याने पंप बंद केला. एकदम इतकं शांत झालं की खड्ड्यातला बेडूक ऐकू आला. मग परत येऊन त्याने झाकण ओढून चौकोनावर टाकलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसला. आपण असं काही करू हे त्याला बसेपर्यंत माहीत नव्हतं. लोखंड गार होतं, दवाने ओलं होतं, आणि त्याच्या बुडाखाली मोठी पोकळी आहे हे त्याला पायजम्यातून कळत होतं.

गंमत बघायला लोक जमायला वेळ लागत नाही. गॅलऱ्यांत माणसं आली, सेक्रेटरी टॉवेल खांद्यावर टाकून धावत आले. "नाना, हे काय? उपोषण का?" तो म्हणाला, "आज टाकी उपसायची नाही." "अहो पण का?" त्याने खड्ड्याकडे हात केला. "ते घाण पाणी भेगेतून आत येईल. खड्डा उपसू दे आधी." हे खोटं नव्हतं. खऱ्याच्या अगदी शेजारी राहणारं होतं. सेक्रेटरींनी पत्र्याआडून खड्डा पाहिला, डोकं खाजवलं, प्लंबरकडे पाहिलं. प्लंबर म्हणाला, "मला काय, तुम्ही सांगाल तसं." "बरं बाबा," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही इंजिनियर. पुढच्या महिन्यात बघू. मीच नोटीस लावतो." आणि नोटीस लिहायला मिळणार या आनंदात ते वळलेसुद्धा. झालं. इतकं सोपं होतं. त्याच्या छातीतला दगड सरकला. आता टाकी भरून घ्यायची, महिन्याभरात काहीतरी युक्ती काढायची. एकेका टाकीचं असंच बघता येईल, कुठे काही, कुठे काही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो उठायला लागला. प्लंबर दोरखंड गुंडाळत आपल्या माणसांना म्हणाला, "चला रे, आजची सुट्टी. उद्या सकाळी सातला पुलापलीकडे या, तीन इमारती आहेत तिथली टाकी. तिचेही दोन्ही खण कोरडे करून प्लॅस्टर मारायचंय."

पुलापलीकडे, तीन इमारती. त्याच्या एक्केचाळीस टाक्यांतली नववी. नदी तिथून तीनशे पावलांवर, आणि तळ बारा सेंटीमीटर. तो अर्धवट उठला होता तो परत खाली बसला. त्या दोघा माणसांकडे त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. एकाने बिडी विझवून उरलेलं थोटूक कानावर ठेवलं होतं, दुपारी ओढायला. दुसरा सुट्टी मिळाली म्हणून हसत होता. पुलापलीकडच्या झाकणावर जाऊन आपल्याला बसता येईल, उद्या. पण परवा? एक्केचाळीस झाकणं आणि बसायला माणूस एक, हे समीकरण त्याने कसंही मांडलं तरी सुटत नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून बायको पुढे आली. तिच्या केसांची वेणी अर्धी घातलेली होती आणि हातात पेपरांचा गठ्ठा होता. बाहेर गलका ऐकून ती उठली तशी आली होती. "अहो, काय झालं? असे का बसलात?" तिने हळू विचारलं, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी क्षने भागलं," तो म्हणाला.

"काय भागलं?" सेक्रेटरींनी मागून विचारलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. वर्गात बत्तीस वर्षं तिने असे चेहरे पाहिले होते, फक्त ते चौदा वर्षांचे असायचे. मग तिने झाकणाकडे पाहिलं, बंद पडलेल्या पंपाच्या पाइपाकडे पाहिलं, खड्ड्याच्या बाजूच्या पत्र्याकडे पाहिलं. "रिकामी असताना?" तिने विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. "आणि तुमचा तो तक्ता?" "त्याच्यावरून एक्केचाळीस झाल्यात." तिचा हात नकळत तोंडाकडे गेला, तिथेच थांबला. "कधी कळलं?" "शुक्रवारी. तू एकविसावा म्हणालीस तेव्हा." जरा थांबून, कारण आता थांबण्यात काही अर्थ नव्हता, तो म्हणाला, "आणि काल ऑफिसातल्या नव्या मुलीने तो तपासल्याची सही मागितली, ती मी केलीय. माहीत असून केली." त्याला वाटलं, ती आता ओरडेल, त्याला ते हवंही होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवलात," ती शेवटी म्हणाली. "मी मिठाचं विचारत होते." वर गॅलरीत कोणाचं तरी मूल विचारत होतं, काका उठत का नाहीत, आणि त्याची आई त्याला गप्प करत होती.

ती खाली बसली. अंगणात, ओल्या फरशीवर, साडीचा विचार न करता, त्याच्या समोर. गठ्ठ्यातून तिने एक कोरी पुरवणी ओढून काढली, गुडघ्यावर ठेवली आणि केसांत खोचलेली लाल पेन्सिल काढली. "ऑफिसातल्या त्या मुलीला फोन करून सही मागे घेतो म्हणून सांगायचं. ते आधी की यादी आधी?" तो म्हणाला, "यादी. प्लंबर इथेच आहे, त्याला पुलापलीकडची आत्ताच सांगायची आहे." "यादी आहे कुठे?" "पाठ आहे." ते खरं होतं, झोप येत नसली की इतकी वर्षं तो त्या टाक्या मोजायचा, अभिमानाने, आणि साधारण तिसाव्याला त्याला झोप लागायची. उद्या काय होईल हे त्याला दिसत होतं: कंपनीचं दार, ड्राफ्ट्समनचा चेहरा, एक्केचाळीस ठिकाणची माणसं आणि त्यांचे प्रश्न, आणि केसांत पेन खोचलेली ती मुलगी, जिचं काहीही चुकलं नव्हतं. तो सुटला नव्हता. शिडी मिळाली नव्हती. फक्त त्या गुळगुळीत भिंतींच्या आत आता तो एकटा नव्हता, आणि तेवढ्यानेच त्याला नीट श्वास घेता येत होता. बायकोने पुरवणीवर वर एक आकडा घातला, त्याला गोल केला आणि मान वर करून त्याच्याकडे बघत थांबली. वर्गात थांबायची तशी, हवा तेवढा वेळ थांबेन म्हणून.

त्याने बसल्या जागी झाकणावर तळहात आपटला. खालून टाकीने उत्तर दिलं, मीटरभर पाण्यावरून आलेलं, जड.

"ही एक," तो म्हणाला. "पुढे लिही."